आठ तासांचं पाणी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, सांगलीत,
मी लघवी वाचायचो.
हसू नका. पगार मिळायचा त्याचा,
वर धुलाईभत्ता.

निंगव्वा आली ती हळदीच्या गोदामातून.
दिवसभर पॉलिशच्या ड्रमाजवळ उभी,
कपाळापासून टाचेपर्यंत पिवळी,
म्हणून तिचा पांढरेपणा कुणाला दिसलाच नव्हता.
डॉक्टर पाटणकरांनी पापणी खाली ओढली
तेव्हा आत कागद निघाला.
कोरा.

काचेवर तिच्या पेशी पाहिल्या :
अंगानं थोराड, आतून कच्च्या,
चौदाव्या वर्षी बोहल्यावर उभ्या केलेल्या पोरींसारख्या.
काहीतरी कमी होतं. काय, ते रक्त सांगेना.

सकाळी सातला, उपाशीपोटी, तिला पूड दिली,
मुंबईहून टपालानं आलेली,
पेल्याच्या तळाशी बसून राहणारी.
सांगितलं, आता आठ तास.
थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही, सगळं या बाटलीत.
ती बाटलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"भाऊ, ह्ये कुनाला दाखिवनार?"
मलाच, म्हटलं.
तिनं पदर आणखी पुढं ओढला.

आणि बसली बाकावर, बाटली पदराखाली घेऊन,
शेजारणीनं तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखी.
दुपारी मुकादमाचा पोरगा निरोप घेऊन आला :
आजचा रोज गेला.
उद्याचं उद्या बघू.

तीन वाजता तिनं बाटली माझ्या हातात दिली.
कोमट होती.
"येकदा चुकलं," म्हणाली,
"मागच्या भिताडाला. दम निघंना."

खोटं बोलली असती तर मला कळलं नसतं.
नियम असा की सगळं ओतून द्यायचं.
नवी पूड, नवा दिवस, नवा बुडालेला रोज.
रजिस्टरात 'पूर्ण / अपूर्ण' असा रकाना होता.
मी पेन टेकवलं,
उचललं.

रात्री पट्टीवर थेंब ठेवला, पट्टीतून वीज सोडली.
वीज गेली. आली. पुन्हा गेली.
साडेअकराला पट्टी अमोनियाच्या वाफेवर धरली,
डोळे पुसत फवारा मारला, ओव्हनचं दार लावलं.
उघडलं तेव्हा ठिपका होता,
जांभळा, करवंद चिरडल्यासारखा.
शरीरानं अर्ध्या वाटेवर टाकून दिलेलं ओझं ते,
पुढं न्यायला हात कमी पडले म्हणून.
हात म्हणजे पानातलं सत्त्व.
एवढंच मी वाचू शकायचो.

"बी-बारा कमी असलं तरी उमटतो हा, कुरणे,"
पाटणकर म्हणाले, "फार विश्वास टाकू नका."
मग तिला विचारलं, काय खात होतीस गं?

"जतला? सुकडी. मिलो.
दोन सालं पान न्हाई बगितलं, डाक्टर.
चिंचंचा पाला संपला, तवा हितं आलो."

खोलीत कुणी काही बोललं नाही.
ठिपका खरा की खोटा,
त्या वाक्यानंतर मी तरी पुन्हा विचारला नाही.

गोळी निघाली तीही पिवळीच, मसुराएवढी.
निंगव्वा तळहातावर घेऊन हसली,
हळदीत हळद हरवते की काय म्हणून.

आठव्या दिवशी काचेवर नव्या पेशी दिसल्या,
थोड्या, गोंधळलेल्या,
शाळेच्या पहिल्या दिवशी येतात तशा.

पुढच्या वर्षी ती दारात उभी राहिली.
फडक्यात पाथरी, मुळाची माती न झटकलेली.
"शिजवू नगासा. पानी वतून दिलं की समदं गेलं.
कच्चीच खायाची, भाकरीसंगं."
हे तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
माझी बोटं फवाऱ्यानं जांभळी,
तिची हळदीनं पिवळी,
मध्ये ती हिरवी जुडी.

आता ती पूड कुणी मागवत नाही.
रक्त यंत्रात घालतात, आकडा बाहेर येतो,
कुणाला बाकावर बसावं लागत नाही. बरंच आहे.
रजिस्टरं रद्दीत गेली तेव्हा तेवढं एक पान उघडून पाहिलं :
नाव, वय, गाव, वेळ.
पूर्ण / अपूर्ण पुढं
शाईचा एक ठिपका, पेन टेकवल्याचा.